अक्षरांच्या जुळणीतून इंग्रजी : जिंतूर परिसराचा एक मागोवा

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत एक लांबलचक शब्द देतात आणि त्याच्या अक्षरांतून किमान तीन अक्षरी असे चार शब्द शोधायला सांगतात. प्रश्न दोन गुणांचा. जिंतूर तालुक्यातल्या मराठी शाळांमध्ये, येलदरी, बोरी, चारठाण्याकडची मुलेही हा प्रश्न सोडवतात. त्यामागे इथल्या इंग्रजी शिक्षणाचा मोठा प्रवास आहे.

१९४८ पर्यंत जिंतूरचा परभणी जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. दरबाराची भाषा उर्दू; १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. इथल्या सामान्य शेतकऱ्याच्या मुलाला मराठीतून पुरते शिकायला मिळणेच अवघड होते, तिथे इंग्रजी फार लांबची गोष्ट. १७ सप्टेंबर १९४८ ला परभणीसह मराठवाडा मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात.

पुढची अनेक वर्षे मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायची. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभर एकच पाठ्यपुस्तक हाती आले. शिकण्याची रीत मात्र घोकंपट्टीचीच राहिली. स्पेलिंग दहादा लिहायचे, अर्थ पाठ करायचा, वहीत शब्दार्थांची यादी करायची. घरात डिक्शनरी असणे ही चैन होती. अशा रीतीने पाठ केलेला शब्द परीक्षेपुरता टिकायचा. एक अक्षर विसरले की सगळा शब्दच हातचा जायचा.

जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून आली. त्यावर वाद झाले, पण खेड्यातल्या मुलाला चार वर्षे आधी इंग्रजी अक्षरे भेटली, हे खरे. इतक्या लहान मुलांपुढे नुसते पाठांतर चालेना. अक्षरकार्डे, शब्दसाखळी, उलटसुलट अक्षरांतून शब्द लावणे असे खेळ वर्गात आले. २०१६-१७ साली शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी आणि आठवीला नेण्यात आली. त्यात तृतीय भाषेचे, म्हणजे मराठी शाळांसाठी इंग्रजीचे, २५ प्रश्न, ५० गुणांचे. अक्षरे जुळवण्याचा सराव तिथेही लागतो. २०१८ साली दहावीचे पुस्तक बदलले आणि शब्दांचे हे काम बोर्डाच्या परीक्षेतही पक्के झाले.

अक्षरे जुळवण्याच्या या खेळाचे मोल मोठे आहे. मराठीत व्यंजनानंतरचा स्वर त्याला चिकटूनच येतो. ‘जिंतूर’ लिहायला तीनच अक्षरे पुरतात. इंग्रजीत स्वर वेगळा उभा राहतो, म्हणून प्रत्येक अक्षर सुटे फिरवता येते; पाच वेगवेगळी अक्षरे १२० प्रकारे मांडता येतात. त्यांतली थोडीच मांडणी शब्द होते. मूल आधी स्वर बाजूला काढते, मग ‘एस-एच’, ‘सी-एच’, ‘टी-एच’ अशा जोड्या शोधते, शेवटी ‘आय-एन-जी’ बसते का पाहते. असे करताना इंग्रजी शब्दांची ठेवण त्याला आपोआप कळते. ए, ई, टी या तीन अक्षरांतूनच ईट, एट आणि टी निघतात, म्हणजे खाणे, खाल्ले आणि चहा. ‘लिसन’ची अक्षरे फिरवली की ‘सायलेंट’ होतो.

मात्र एक उणीव आजही आहे. शब्द सापडला की गुण मिळतात, अर्थ कोणी विचारत नाही. मोबाइलवरचे शब्दखेळही शब्द बरोबर आला की पुढच्या पायरीवर नेतात. अर्थाविना सापडलेला शब्द मुलाच्या बोलण्यात येत नाही, आणि इंग्रजीची भीती तशीच राहते.

म्हणून जिंतूरच्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे : मुलाने शब्द शोधला की त्याचा अर्थ मराठीत विचारा, आणि तो शब्द घालून एक वाक्य बोलून घ्या. त्याला वेगळा खर्च नाही, शहरातला क्लास नको. फळा, खडू आणि दहा मिनिटे पुरेत.