जुन्या ट्रकला मागे डिस्क ब्रेक : बदल चाकाशी, कसोटी पेडलाशी

चिखल, ओढे आणि दगडधोंड्यांतून नेण्यासाठी जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी सज्ज करणारे हौशी चालक इंजिन आणि टायर यांच्यानंतर अनेकदा हात घालतात तो मागच्या ब्रेकला. कारखान्यातून आलेले ड्रम ब्रेक काढून त्या जागी डिस्क ब्रेक बसवण्याची पद्धत अमेरिकेत चांगलीच रुळली आहे. वरवर पाहता हे काम नटबोल्टचे वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे संपूर्ण ब्रेक यंत्रणेचा तोल बदलतो. तो पुन्हा साधला नाही, तर चांगले ब्रेक बसवूनही गाडी पूर्वीपेक्षा धोकादायक ठरू शकते.

ड्रमची अडचण

ड्रम ब्रेकमध्ये बंद डब्यासारख्या ड्रमच्या आतून दोन शू बाहेरच्या दिशेने दाबले जातात. ओढ्यातून गाडी गेली की या डब्यात पाणी आणि चिखल साचतो, लायनर भिजतात आणि पुढची काही अंतरे ब्रेक नीट लागत नाहीत. लांब उतारावर अडचण वेगळी असते. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो आणि पेडल अधिक खोल दाबावे लागते. डिस्क उघड्यावर फिरते. ती पाणी झटकून टाकते, लवकर थंड होते आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या दिशेनेच सरकते. डिस्क ब्रेकचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये १९०२ मध्येच घेतले होते. पण १९५३ च्या 'ल मां' शर्यतीत जग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर विजय मिळवला, तेव्हा त्यांचे महत्त्व जगाला पटले.

शेवरोलेचे उदाहरण

या बदलाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ या काळातील 'के' मालिकेतील ट्रक. त्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक होते. यातील जड ट्रकना येणारा मागचा अ‍ॅक्सल, त्याच्या झाकणावरील चौदा बोल्टमुळे, 'फोर्टीन बोल्ट' या नावाने ओळखला जातो. तो कमालीचा दणकट. पण त्याच्या जुन्या आवृत्तीत ड्रम हबच्या मागे बसवलेला असल्याने केवळ लायनर पाहायचे तरी शाफ्ट आणि हब उतरवावे लागतात.

बदल करताना ड्रम, शू आणि त्यांची मागची प्लेट काढतात, अ‍ॅक्सलच्या टोकाला पोलादी ब्रॅकेट बसवतात आणि त्याच कंपनीच्या ट्रकच्या पुढच्या चाकांच्या डिस्क व कॅलिपर मागे लावतात. हे भाग सहज मिळत असल्यानेच हा मार्ग लोकप्रिय झाला.

पेडलामागचे गणित

खरे काम यानंतर सुरू होते. ड्रम फिरताना शूला आपल्याबरोबर ओढतो आणि शू आपोआप अधिक घट्ट बसतो. डिस्कमध्ये ही मदत नसते. तिला अधिक दाब लागतो. शिवाय या कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास सुमारे ७५ मिलिमीटर आहे, तर ड्रममधील व्हील सिलिंडर त्याच्या निम्म्याहूनही लहान असतो. म्हणजे ब्रेक ऑइलही अधिक लागते. जुन्या मास्टर सिलिंडरला ते पुरवता आले नाही, तर पेडल खाली जाते.

ड्रमच्या यंत्रणेत बहुधा सुमारे १० पीएसआय दाब कायम राखणारी छोटी झडप असते. डिस्कला ती तशीच ठेवली, तर पॅड सतत घासत राहतात आणि ब्रेक तापतात. म्हणून ती काढावी लागते किंवा २ पीएसआयची बसवावी लागते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुढच्या-मागच्या तोलाचा. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. रिकाम्या पिकअपमध्ये तर फारच. अशा वेळी मागची चाके पुढच्यांआधी जाम झाली, तर गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. त्यामुळे मागच्या चाकांचा दाब कमी-जास्त करता येणारी झडप बसवून, मोकळ्या जागेत, कमी वेगाने, कोरड्या आणि ओल्या जमिनीवर चाचणी घेणे अनिवार्य ठरते. जोरात ब्रेक दाबल्यावर पुढची चाके आधी जाम झाली पाहिजेत, ही कसोटी.

हँडब्रेक विसरू नये

पुढच्या चाकांच्या कॅलिपरना हँडब्रेकची सोय नसते. ड्रम काढताच हँडब्रेकही जातो, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. अमेरिकेत यावर उपाय म्हणून १९७६ ते १९७८ च्या कॅडिलॅक एल्डोराडो मोटारीचे हँडब्रेक असलेले मागचे कॅलिपर वापरले जातात. मात्र हँडब्रेक नियमित ओढला तरच त्यांची आतली रचना पॅडची झीज भरून काढते. आणखी एक बारीक गोष्ट : कॅलिपरचा हवा काढण्याचा निपल वरच्या बाजूलाच हवा. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला, तर आत अडकलेली हवा कितीही प्रयत्न केला तरी निघत नाही.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रातही जुन्या जीप जिवापाड जपणारे अनेक आहेत आणि त्यांतील बऱ्याच गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते. तेथे मागच्याआधी पुढच्या ब्रेककडे लक्ष देणे शहाणपणाचे, कारण थांबवण्याचा मोठा भार पुढची चाकेच उचलतात. कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. म्हणून हत्यारे हाती घेण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.

परवानगी मिळो वा न मिळो, काही गोष्टी प्रत्येकाच्या हाती आहेत. लायनर वेळेवर बदलणे, ओढा ओलांडल्यावर हलके ब्रेक दाबून ते सुकवणे, हवेतील ओलावा शोषणारे ब्रेक ऑइल ठरावीक काळाने बदलणे आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरणे. एवढे पाळले, तर नीट राखलेले ड्रम ब्रेकही अर्धवट बसवलेल्या डिस्कपेक्षा अधिक भरवशाचे ठरतात.