शँपेनची बाटली आणि मनुकांचे सरबत

गेल्या हिवाळ्यात बीरशेबा येथे एका वृद्ध दांपत्याच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला. आम्हांस निमंत्रण होते. मलिदा झाला, एलियाहू हन्नबीचे स्तवन झाले आणि मग यजमानांनी काचेच्या शोकेसमधून एक बाटली मोठ्या अदबीने बाहेर काढली. फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या धाकट्या चिरंजीवांनी अकरा वर्षांपूर्वी आणलेली ती उंची शँपेन होती. बाटलीवर कोशेरची मोहर होती. “धाकटा कायमचा परत येईल त्या दिवशी उघडू,” असे यजमान म्हणत आले होते. धाकटा आला, पण चार दिवसांपुरता.

बूच निघाले ते आवाजाविना. पेल्यात पडलेला रस तपकिरी, बुडबुडा नाही, चव शिळ्या सफरचंदाची. कोणी काही बोलेना. अखेर यजमानीणबाईंनी आत जाऊन मनुकांचे सरबत आणले आणि त्यावर बेराखा म्हटला गेला.

दोष त्या शँपेनचा नव्हता. खिडकीसमोरचे शोकेस आणि नेगेवचे अकरा उन्हाळे! उष्णता आणि प्रकाश हे या पेयाचे दोन वैरी. दहाबारा अंश सेल्सियसच्या अंधाऱ्या जागी ते वर्षानुवर्षे टिकते. आपल्या घरांत तशी जागा नसेल तर बाटली वर्षभरात उघडावी हे बरे.

शँपेन म्हणजे ईशान्य फ्रान्समधील त्याच नावाच्या प्रांताचा द्राक्षारस. तो बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात, म्हणून त्यात वायू कोंडतो. दाब सुमारे सहा वातावरणांइतका असतो. सामान्य शँपेन निरनिराळ्या सालांच्या रसांचे मिश्रण करून होते. बाटलीवर साल छापलेले असेल तर द्राक्षे त्याच एका सालची, आणि तो रस बाटलीत भरल्यावर निदान तीन वर्षे मुरलेला असतो. दों पेरिन्यों ही सर्वांत नावाजलेली शँपेन केवळ चांगल्या सालीच काढतात. तिचे पहिले साल 1921. ज्या मठवासीचे नाव तिला दिले, त्यानेच बुडबुड्यांचा शोध लावला अशी आख्यायिका आहे, पण ती खरी नव्हे.

नाव कितीही मोठे असो, कोशेरची मोहर नसलेली बाटली आपल्या मेजासाठी नाही. लोराँ-पेरिए व द्राप्पिए या घराण्यांनी कोशेर शँपेन काढली आहे. आपल्याकडे 1983 मध्ये कात्झरीन येथे स्थापन झालेली गोलान हाइट्स वायनरी शार्दोने द्राक्षांपासून त्याच पद्धतीने ‘यार्देन ब्लाँ द ब्लाँ’ करते. तिला शँपेन म्हणता येत नाही, पण आम्हांस ती मनापासून आवडली. रस उकळलेला नसेल तर बाटली कोणी उघडावी व ओतावी, हे सभागृहात समारंभ करणाऱ्यांनी वाढप्यांवर न सोपवता आधीच ठरवावे.

बर्फ व पाणी निम्मे निम्मे घातलेल्या बादलीत अर्धा तास पुरतो. जुन्या सालची शँपेन फार गार केली तर तिचा सुगंध मुका होतो. दहा अंश पुरेत. तार सोडताना बुचावरचा अंगठा काढू नये. बाटली तिरपी धरून बूच स्थिर ठेवावे व बाटली फिरवावी. बार उडवण्याची हौस लग्नाच्या चित्रफितीपुरती ठीक, परंतु त्यात पेय वाया जाते आणि डोळ्यांस धोका असतो. पसरट पेल्यापेक्षा उभा, तोंडाशी किंचित निमुळता पेला घ्यावा व तो साबणाचा अंश राहणार नाही असा धुवावा. एका बाटलीत सहा पेले होतात. घुटका घेण्यापूर्वी वास घ्यावा: भाजलेल्या पावाचा, बदामाचा, पिकल्या फळाचा.

आणखी एक. एक द्राक्षारस घेतल्यावर चारचौघांत त्याहून उंची दुसरा आणला, तर ‘हाटोब वेहामेटीब’ हा बेराखा म्हणण्याची चाल कित्येकांत आहे. म्हणून किद्दूशच्या वेळी ही बाटली मेजावर मांडून ठेवू नये, मागाहून आणावी. नेमके कसे करावे ते आपल्या हाझानांना विचारावे.

त्या घरी आता नवी बाटली आली आहे. परत जाण्यापूर्वी धाकट्या चिरंजीवांनीच ती आणून दिली. शोकेसमध्ये नव्हे, ती शीतकपाटात खालच्या कप्प्यात आहे, आणि यजमानांनी यंदाच्या हनुक्काची तारीख कागदावर लिहून तिला चिकटवली आहे. धाकटा येवो अथवा न येवो.