कराटेतील दुखापत : मालिश नको, तपासणी हवी

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात हजारो लहान-मोठे कारखाने आहेत. लेथ, पॉवर प्रेस, शिलाई यंत्रे यांवर राबणाऱ्यांची घरे दासरहळ्ळी, लग्गेरे अशा भोवतालच्या वस्त्यांत आहेत. या घरांना पाठदुखी, खांदेदुखी नवी नाही. पण कराटेच्या वर्गाला जाणारी मुलेही असेच दुखणे घेऊन येऊ शकतात, हे पालकांच्या ध्यानात येत नाही.

मुलीने स्वसंरक्षण शिकावे, मुलाने टीव्हीसमोरून उठावे म्हणून आईवडील नाव घालतात. पुढे पट्ट्याचा रंग बदलतो आणि स्पर्धा सुरू होतात. आशियाई क्रीडा स्पर्धांत १९९४ पासून कराटे आहे. ऑलिम्पिकमध्ये मात्र हा खेळ एकदाच, २०२१ साली झालेल्या टोकियो स्पर्धेत, खेळला गेला.

लढतीत म्हणजे कुमितेत नाक, ओठ, दात यांना मार बसतो. तो दिसतो, म्हणून त्यावर उपचारही होतात. रेंगाळते ती सांध्याची दुखापत. फिरवून मारायच्या लाथेत, मावाशी गेरीत, सारे अंग एका पायावर वळते. तो पाय जमिनीला चिकटून राहिला तर पीळ थेट गुडघ्यात जातो. ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा सुजला, तर लिगामेंट फाटल्याची शंका घ्यावी. घोटा मुरगळणे तर नेहमीचेच. मूठ सैल राहिली की अंगठा दुखावतो. नुसते काता करणारेही सुटत नाहीत. खोल पवित्र्यात तासन्‌तास राहून गुडघ्याची वाटी दुखू लागते.

यानंतर घरात जे घडते ते अधिक घातक असते. बाम चोळला जातो, गरम शेक दिला जातो, नाहीतर ‘पुत्तूर कट्टू’ बांधून घेतला जातो. आंध्रातील पुत्तूरच्या या पट्टीवर बंगळुरूकरांचा मोठा विश्वास! पण आत हाड मोडले आहे की नाही, हे पट्टीला कसे कळणार? पहिले दोन दिवस चोळणे आणि शेकणे टाळावे. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, पाय उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा हाडावर बोट दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो. तिथली इजा ‘लचक’ म्हणून सोडून दिली, तर हाडाची वाढ वाकडी होऊ शकते.

खर्चाची धास्ती असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे, रुग्णालय पीण्यातच आहे. हे कार्ड फक्त कारखान्यातल्या अपघातासाठी, ही समजूत चुकीची आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराच्या, त्याच्यावर अवलंबून असलेल्या शाळकरी मुलांनाही तिथे उपचार मिळतात.

सूज उतरली म्हणजे सांधा बरा झाला, असे नाही. दुखऱ्या पायावर न डगमगता उभे राहता येते का, उडी मारून नीट उतरता येते का, हे आधी पाहावे. स्पर्धा तोंडावर आली की मुले दुखणे लपवतात. काही प्रशिक्षकांनाही लंगडणारा खेळाडू मैदानात हवा असतो. अशा वेळी ‘नाही’ म्हणणे आईवडिलांच्याच हाती असते.

वर्गाला नाव घालतानाच सराव सिमेंटच्या फरशीवर होतो की गादीवर, लढती वजन व वय पाहून लावतात का, हे विचारून घ्यावे. हातमोजे, नडगी व पावलाचे संरक्षक आणि दातांची ढाल आपलीच असावी. दातांची ढाल तर दुसऱ्याची उसनी मुळीच घेऊ नये. ती ज्याच्या त्याच्या जबड्याच्या मापाने बसवावी लागते.