एक अल्बम, एक भरगच्च पेटी

‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा ‘मेटॅलिका’ या अमेरिकी मेटल बँडचा तिसरा अल्बम. कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला आणि ३ मार्च १९८६ रोजी बाजारात आला. गाणी आठच. आज बुऱ्हाणपुरातला कॉलेजकुमारही ती मोबाइलवर फुकटात ऐकू शकतो. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये हाच अल्बम मर्यादित प्रतींच्या भल्यामोठ्या पेटीत पुन्हा निघाला : तीन रेकॉर्डी, दहा सीडी, दोन डीव्हीडी, एक कॅसेट आणि सोबत पुस्तक.

असं पुनर्प्रकाशन प्रत्येकाला जमत नाही, कारण मूळ फितींचे हक्क बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असतात. मेटॅलिकाने २०१२ मध्ये ते आपल्याकडे घेतले, ‘ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्ज’ ही स्वतःची कंपनी काढली आणि मग २०१६पासून जुने अल्बम पुन्हा बाहेर काढले. अशा पुनर्प्रकाशनासाठी गाणी नव्याने वाजवली जात नाहीत. जुन्या ध्वनिमुद्रणातल्या आवाजाची पातळी आणि खर्ज-तीव्र सुरांचा तोल तेवढा पुन्हा साधला जातो. यालाच रीमास्टरिंग म्हणतात.

पेटीचा खरा ऐवज मात्र असा रीमास्टर केलेला अल्बम सोडून बाकीच्या सीडींत आहे. १९८५ ते १९८७ या काळातल्या मुलाखती, मैफली, कच्ची मिश्रणं, गाणं आकाराला येण्याआधीच्या गिटारच्या सुट्या चाली असं सगळं तिथे भरलेलं आहे. एकच गाणं चार-पाच रूपांत ऐकताना साध्या श्रोत्याला कंटाळा येईल, अभ्यासकाला नाही.

सगळ्यात मोलाची वस्तू दिसायला सगळ्यात साधी आहे : ती कॅसेट. २६ सप्टेंबर १९८६च्या स्टॉकहोममधल्या कार्यक्रमात एका चाहत्याने प्रेक्षकांत बसून ते ध्वनिमुद्रण केलं होतं. त्याच रात्री पुढच्या गावी निघालेली बँडची बस पहाटे स्वीडनमध्येच उलटली आणि बासगिटारवादक क्लिफ बर्टन गेला. तो २४ वर्षांचा होता. म्हणजे ही त्याची शेवटची मैफल, आणि इथे आवाजाच्या सफाईची कोणी पर्वा करत नाही.

‘मर्यादित’ या शब्दामागे व्यापारही आहेच. प्रती संपल्या की जुन्या बाजारात भाव चढतो, आणि भारतात मागवायची तर टपालखर्च आणि सीमाशुल्क वेगळं. नुसती गाणी हवी असतील त्याने पेटीच्या नादी लागू नये. त्याच वेळी निघालेली एक सीडी पुरेशी आहे.