कादंबरीतून आलेलं नाव

कुत्र्याच्या जातीला कादंबरीतल्या पात्राचं नाव मिळावं, याचं कवी म्हणून मला भारी कौतुक वाटतं. वॉल्टर स्कॉट यांच्या १८१५ सालच्या ‘गाय मॅनरिंग’मध्ये डँडी डिनमाँट नावाचा शेतकरी आहे. त्याच्या टेरिअर कुत्र्यांची नावं दोनच : पेपर आणि मस्टर्ड, म्हणजे मिरी आणि मोहरी. डँडी डिनमाँट टेरिअरचे रंग आजही हेच.

स्कॉटलंड-इंग्लंडच्या सरहद्दीवर हे कुत्रे पाणमांजर आणि बॅजरच्या शिकारीला नेत. बिळात शिरायचं म्हणून पाय आखूड, अंग लांब. वजन ८ ते ११ किलो, डोक्यावर रेशमी तुरा, आवाज मात्र थोराड.

ही लांब पाठच जपावी लागते. मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका असतो. म्हणून वजन वाढू देऊ नये, उंचावरून उड्या मारू देऊ नयेत, उचलताना छाती आणि मागचा भाग दोन्हींना आधार द्यावा. अंगावरचे मेलेले केस हातानं उपटून काढतात.

ब्रिटनमध्ये वर्षाला ३०० किंवा त्याहून कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या देशी जातींच्या यादीत हिचा समावेश आहे. पुस्तकातलं नाव राहीलच. पिल्लं घरांत वाढली, तर जातही राहील.