जुन्या नकाशात आपले इंदूर





आपल्या शाळेच्या मैदानाचा मागचा कोपरा दर पावसाळ्यात खचतो. आपण दरवर्षी तिथे मुरूम टाकतो, रोलर फिरवतो आणि विसरून जातो. यंदा मुरमाची ट्रॉली रिकामी होत असताना आठवीच्या एका मुलीने मला विचारले, "मॅडम, दरवर्षी एवढा मुरूम जातो तरी कुठे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता मी जुन्या नकाशांपर्यंत पोहोचले. त्या शोधात जे शिकले, ते आज आपल्यासमोर मांडते आहे. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा भाषेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

आज इंदूर महानगर आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या जवळजवळ वीस लाख होती. १९०१ साली मात्र ती एक लाखाच्याही आत होती. आपल्या पणजोबांचे इंदूर म्हणजे एक मोठासा कसबाच. नदीच्या पलीकडे जुनी इंदूर, अलीकडे राजवाडा आणि सराफा, आणि भोवती शेते व तलाव. त्या कसब्याचे हे एवढे शहर कसे झाले, हे पाहण्याचे उत्तम साधन म्हणजे जुना नकाशा.

असे नकाशे तीन प्रकारचे असतात. पहिला सर्वे ऑफ इंडियाचा. ही संस्था १७६७ सालची. तिच्या जुन्या पत्रकांचे प्रमाण एक इंचास एक मैल असे, म्हणजे १:६३,३६०. पुढे १:५०,००० हे प्रमाण आले, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. दुसरा प्रकार नगररचनेच्या नकाशांचा. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल तयार केला, तो १९१८ साली छापला गेला. आधी गल्लीबोळांतून पायी हिंडायचे, वस्ती नीट समजून घ्यायची आणि मगच सूचना करायच्या, ही त्यांची रीत होती. जुने मोहल्ले सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. तिसरा प्रकार जमिनीच्या नोंदींचा, म्हणजे पटवाऱ्याकडचा खसरा नकाशा आणि इमारतींचे आराखडे.

कोणता नकाशा कशासाठी वापरायचा, हे प्रमाणावरून ठरते. १:५०,००० च्या नकाशावर पन्नास मीटर लांबीचे मैदान अवघे एक मिलिमीटर दिसते. त्यात गावे, नद्या, तलाव, रेल्वे पाहावी. घर किंवा अंगणातली विहीर शोधू नये. त्यासाठी खसरा किंवा आराखडाच हवा.

आता प्रत्यक्ष कृती. मुलांनो, जुना नकाशा हाती आला की आधी चार गोष्टी वहीत लिहा: पाहणीचे वर्ष, प्रमाण, उत्तर दिशा आणि खुणांची सूची. छापल्याचे वर्ष व पाहणीचे वर्ष वेगळे असू शकते. आपल्याला पाहणीचे हवे. मग दोन्ही नकाशांवर असलेली आणि न हललेली तीन ठिकाणे निवडा. इंदूरसाठी राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि रेल्वे स्टेशन चांगली. राजवाडा आगीत जळला, १९८४ सालीही जळला, पण त्याची जागा तीच राहिली. या ठिकाणांमधली अंतरे दोन्ही नकाशांवर मोजा. जुन्यावर सहा सेंटिमीटर आणि नव्यावर चार भरले, तर नव्याची झेरॉक्स दीडपट करून घ्या. मग जुना नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवून नव्यावर ठेवा. तीनही बिंदू जुळले की काय राहिले, काय आले आणि काय गेले, ते आपोआप दिसू लागते.

काय राहिले? नावे राहिली. पलासिया, खजराना, पिपल्याहाना ही एकेकाळी शहराबाहेरची गावे होती, आज ती शहराच्या पोटात आहेत. बिलावली, पिपल्यापाला आणि सिरपूरचे तलाव वस्तीपासून दूर होते, आता वस्ती त्यांच्या काठाला भिडली आहे. त्यातल्या सिरपूरला २०२२ साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, ही अभिमानाची गोष्ट.

काय आले? १८७० च्या दशकात खंडव्याहून रेल्वे आली. त्यासाठी महाराज तुकोजीराव दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. रेल्वेच्या पलीकडे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि गिरण्यांभोवती कामगारांच्या वस्त्या वाढल्या. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. आज मुलांना 'मालवा मिल' म्हटले की चौराहा आठवतो, गिरणी आठवत नाही.

आणि काय गेले? या प्रश्नापाशी जरा थांबू या. कान्ह आणि सरस्वती या नद्यांना आपण कित्येक वर्षे नाला म्हणत आलो. जुन्या नकाशावर त्या ठळक नद्या आहेत, गाव त्यांच्या काठाने वसलेले आहे आणि घाट व छत्र्या त्यांच्याकडे तोंड करून आहेत. विहिरी आणि बावड्यांचेही तसेच झाले. गंभीर नदीवर यशवंत सागर झाला, १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरात आले. घरोघरी नळ आले, ही सोयच झाली. पण पाणी शेंदणे थांबले तशी विहिरीची देखभाल थांबली. मग कुठे तिच्यात कचरा पडला, कुठे वर फरशी टाकून जागा वापरात आली. एका पिढीला ती ठाऊक होती, पुढच्या पिढीला नाही.

याचे मोल आपल्या शहराने मोजले आहे. ३० मार्च २०२३, रामनवमीचा दिवस. एका मंदिरात जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब कोसळला आणि छत्तीस जणांचे प्राण गेले. पूजेला बसलेल्यांपैकी कितीजणांना आपल्या पायाखाली काय आहे हे माहीत असेल? झाकलेली विहीर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती नाहीशी होत नाही. नकाशाचा अभ्यास केवळ इतिहासाच्या गुणांसाठी नाही, असे मी म्हणते ते यासाठी.

एक सावधगिरीही सांगते. नकाशा खोटे बोलत नसला, तरी सगळे सांगतोच असे नाही. काढणाऱ्याला ज्याची गरज, तेच तो दाखवतो. नगररचनेच्या नकाशात जे आहे आणि जे करायचे आहे, ते दोन्ही काढलेले असते. न झालेला रस्ता पाहून "इथे पूर्वी रस्ता होता" असे लिहू नका. म्हणून नकाशानंतर त्या जागी पायी जा, आणि मोहल्ल्यातल्या आजी-आजोबांना विचारा. नकाशा, जागा आणि माणूस, तिन्ही एकच सांगू लागले की नोंद पक्की समजा.

आता आपल्या मैदानाबद्दल. संस्थेच्या कपाटात शाळेच्या पहिल्या इमारतीचा निळा आराखडा सापडला. मागच्या कोपऱ्यात एक छोटे वर्तुळ आहे आणि त्याशेजारी लिहिले आहे 'कुआँ'. आमच्या निवृत्त शिपाईकाकांना विचारले तर ते सहज म्हणाले, "हो मॅडम, होती ना विहीर. आम्हीच भरली होती." इतकी वर्षे आपण मुरूम कशात टाकत होतो, ते त्या दिवशी कळले.

त्याच दिवशी मी तो कोपरा दोर बांधून बंद केला आहे. विश्वस्त मंडळींना माझी नम्र विनंती आहे, की वार्षिक स्नेहसंमेलनाचा मंडप घालण्यापूर्वी त्या जागेची जाणकार इंजिनियरकडून तपासणी करून घ्यावी. खर्च होईल, पण तो टाळण्यासारखा नाही. पालकांना विनंती, की घरात जुने खसरे, विक्रीखत किंवा घराचे नकाशे असतील तर त्यांची एक झेरॉक्स शाळेला द्यावी.

आणि मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यातली एक विहीर किंवा बावडी शोधा. झाकलेल्या जागेवर चढू नका, घरचे मोठे माणूस बरोबर घ्या. ती कुठे आहे, उघडी की झाकलेली, आणि तिच्याबद्दल कोणी सांगितले, एवढे वहीत लिहून आणा. सगळ्यांच्या नोंदी आपण एका मोठ्या नकाशावर मांडू आणि त्याची एक प्रत नगर निगमला देऊ.

ज्या मुलीने तो प्रश्न विचारला, तिच्या हातून त्या नकाशावर पहिली खूण होईल. ती खूण आपल्याच मैदानातल्या विहिरीची असेल.

आपली,
मुख्याध्यापिका