कामाची वाटणी आणि शिकण्याची वाट

नोकरांनी पुढे जावे म्हणून कंपन्या प्रशिक्षणवर्ग भरवतात, प्रमाणपत्रे वाटतात. पण वर्गातून परतलेला माणूस पुन्हा त्याच एका तुकड्याएवढ्या कामाला जुंपला जाणार असेल, तर शिकलेले वापरायचे कुठे? माणूस किती शिकतो हे वर्गापेक्षा कामाच्या वाटणीवर अधिक ठरते. याचा एक भक्कम पुरावा अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत सापडतो. व्यवस्थापनशास्त्रात तो जगभर अभ्यासला गेला. आपण मात्र त्याची फारशी आठवण ठेवलेली नाही.

1953 साली गिरणीचे प्रमुख गौतम साराभाई यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथल्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके वाढत नव्हते. 224 मागांवर 29 कामगार होते आणि त्यांची कामे तब्बल 12 प्रकारची: विणकर, जॉबर, तुटलेले धागे जोडणारा, तेल घालणारा, झाडूवाला वगैरे. प्रत्येकाच्या वाट्याचे माग वेगळे, त्यामुळे एकाच विणकराला कधी या मदतनिसाची, तर कधी त्या मदतनिसाची वाट पाहावी लागे. ठरावीक माग एका छोट्या गटाकडे सोपवावेत, असे राइस यांनी सुचवले. कामगारांनी ती कल्पना उचलून धरली आणि गटही आपले आपणच पाडले. सुरुवातीला घडी विस्कटली, पण सावरल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की गटात एकमेकांच्या कामाला हात लावावाच लागतो. मदतनिसाला वरचे काम शेजारीच दिसते, करूनही पाहता येते. श्रेणीही मोजक्याच ठेवल्यामुळे पुढची पायरी कोणती, हे कोड्यात राहिले नाही.

यावर कामगार चळवळीतून येणारी शंका रास्त आहे: ‘शिकण्या’च्या नावाखाली एकाच पगारात दोघांचे काम उरकून घेतले जाईल. तसे होतेही. म्हणून नवे कौशल्य आले की श्रेणी आणि पगार कधी, किती बदलेल हे आधीच लेखी ठरलेले हवे. ते नसेल तर कामगाराने नकार देण्यात काहीच गैर नाही. शिकलेला माणूस सोडून जाईल, ही मालकांची भीती मला तितकी पटत नाही. वर जायची वाटच नसलेल्या जागेवरून तर तो आणखी लवकर जातो, आणि राहिला तरी मन मारून राहतो.

सर्वांत वजनदार आक्षेप टिकाऊपणाचा. 1970 च्या सुमारास टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलर यांनी याच गिरणीत पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात गटपद्धत बरीचशी टिकून होती, इतरत्र मात्र जुनी वाटणी परतत चालली होती. बाजाराचा ताण वाढला की वरिष्ठ पुन्हा बारीकसारीक हुकूम देऊ लागतात आणि गटाच्या हातातला निर्णय निसटतो. त्यामुळे कामाची मांडणी एकदा बदलून भागत नाही. मागणी घटली किंवा माल बदलला, तरी कोणते निर्णय गटाकडेच राहतील, हेही त्याच वेळी ठरवावे लागते.